पुनवेची ओहोटी

नारळाला शेंडी नव्हती, इथून तात्यांची कुरकूर सुरू झाली.

“ह्यो काय नारळ?” सुपरमार्केटमध्ये फळांच्या मांडणीसमोर उभं राहून त्यांनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुळगुळीत गोळा हातात घेतला. “हेची हजामत कोणी केल्यान?”

“पाणी आसा मा आत?” मी विचारलं.

त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला. “आसा वाईच.”

“मगे झालां तर. दर्याक शेंडी दिसणा नाय.”

“दर्याक सगळां दिसता, बाय,” तात्या म्हणाले. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

स्पेनच्या वायव्य टोकाला विलामोर्ना नावाचं छोटंसं गाव आहे. माद्रिदच्या माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी मला तिथे जायला सांगितलं होतं. डोंगरावरून थेट वाळूत उतरणारं जंगल, मैलभर लांब किनारा, आणि ताटात काय पडेल ते सकाळीच समुद्रातून काढलेलं. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं. गावावर धुकं बसलं होतं. गाडीचे दिवे लावूनही रस्ता चार हातांपलीकडे नव्हता. समुद्र अगदी खाली, घराच्या पायथ्याशी होता, पण तो फक्त ऐकू येत होता. तात्या खिडकीशी उभे राहून बराच वेळ कान देऊन होते.

“मोठो आसा,” एवढंच म्हणाले.

तात्या म्हणजे हरिश्चंद्र कुबल, माझे वडील. मालवणात चाळीस वर्षं रापणीचे म्होरके. किनाऱ्यावरून जाळं कधी सोडायचं आणि कधी ओढायचं हे त्यांनी सांगायचं आणि पन्नास माणसांनी ऐकायचं. दर नारळी पुनवेला आमच्या रापणीचा नारळ त्यांच्या हातून समुद्रात जायचा. आदल्या वर्षी तो चुकला, कारण पुनवेला आई दवाखान्यात होती आणि तात्या तिच्या उशाशी होते. तीन आठवड्यांनी आई गेली. त्या दोन गोष्टींची त्यांनी मनात गाठ मारली आणि बोलणंच बंद केलं. जूनमध्ये मी त्यांना माद्रिदला घेऊन आले. तिथे तर त्यांना लिफ्टचं बटण दाबायलाही मला विचारावं लागायचं. सुट्टी ऑगस्टमध्येच मिळते म्हणून मी तिकिटं काढली, कॅलेंडर पाहिलं नाही. निघायच्या आधी तीन दिवस त्यांनीच सांगितलं, “त्या दिसाक पुनव आसा. थंय दर्या आसा मा?”

आम्ही रेमेदिओस नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. साठीच्या, उभ्या बांध्याच्या, आवाज असा की हाक मारली तर गल्लीतली मांजरं घरी यावीत. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ रामोन, दोघंच. पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी टेबलावर वाफाळता ऑक्टोपस ठेवला, आणि त्याच्या शेजारी खडकावरून खरवडून काढलेल्या, बोटाएवढ्या काळ्या शिंपल्यांची परात. त्यांना तिथे ‘पेर्सेबेस’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी लोक लांबून येतात.

तात्यांनी परातीला हात जोडले. “श्रावण आसा.”

मी श्रावण समजावून सांगितला. रेमेदिओसबाईंना वाटलं म्हातारा आजारी आहे. शेवटी त्यांनी हिरव्या मिरच्या तळून पावाबरोबर दिल्या. जन्मभर मासे मारलेला माणूस माशांच्या गावात येऊन मिरच्या खातोय, असं मी म्हटलं तेव्हा रामोन टेबलावर हात आपटून हसला. मग आत जाऊन पेर्सेबेस खरवडायचं त्याचं हत्यार घेऊन आला, लाकडी दांड्याला बसवलेली रुंद लोखंडी पात. तात्यांनी ती अंगठ्याने तपासली. आमच्याकडे बायका कालवं काढायला असलंच काहीतरी वापरतात. मग दोघांनी एकमेकांचे तळहात पाहिले. दोरीने पडलेल्या घट्ट्यांवर बोट ठेवून रामोनने काहीतरी विचारलं, तात्यांनी मालवणीत उत्तर दिलं, आणि मधे मी पडायच्या आत दोघांना समजलंही होतं.

“आम्ही जोडीने जातो,” रामोन मला म्हणाला. “एक जण काम करतो, दुसरा नुसता लाटा बघतो. समुद्राकडे पाठ करायची नाही. हे वडिलांना सांग.”

“माझ्या नवऱ्याने केली होती,” रेमेदिओसबाई म्हणाल्या आणि पावाची टोपली पुढे सरकवली. “पंधरा वर्षं झाली.”

“काय म्हणता ती?” तात्यांनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. तात्या उठले, भिंतीवरच्या बाईंच्या नवऱ्याच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. रेमेदिओसबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुनवेला, सकाळीही धुकं तसंच होतं. न्याहारीच्या वेळी तात्या बोलत होते. हे मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अकरा महिन्यांत जो माणूस ‘हूं’ आणि ‘नको’ याच्या पुढे गेला नव्हता, तो त्या सकाळी बोटं मोजून मला भरती-ओहोटीचं गणित शिकवत होता, जसं मी सात वर्षांची असताना शिकवलं होतं.

“तिथीक तिनान गुणायचां, चारान भागायचां. आज पंधरावी. पंधरा त्रिक पंचेचाळीस. भागिले चार?”

“सव्वाअकरा.”

“सव्वाअकराक भरती. मगे ओहोटी कधी?”

“साडेपाचाक.”

“बरोब्बर. म्हणजे अडीच-तीनाक गेलो तर पाणी उतारत असतलां. ओहोटीच्या पाण्यावांगडा नारळ आत जातलो. परत येता नये, तां महत्त्वाचां.”

रेमेदिओसबाई कॉफी ओतत होत्या. मी त्यांना म्हटलं, वडिलांना दुपारी अडीचला किनाऱ्यावर एक छोटी पूजा करायची आहे, रामोनने काल सांगितलेल्या मोठ्या खडकापाशी. त्यांनी किटली खाली ठेवली. फ्रिजशेजारी खिळ्याला एक छापील तक्ता लटकत होता, त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “आज साडेअकराला ओहोटी आहे. पूजा करायची तर तेव्हा करा. दोन वाजल्यानंतर त्या खडकाकडे आमच्यातलं कोणी पाऊल टाकत नाही. पौर्णिमेचं पाणी मोठं असतं आणि ते समोरून येत नाही, मागून येतं. वाळू आधी जाते. वडिलांना नीट समजावून सांग.”

“काय म्हणता ती?” तात्यांनी विचारलं.

त्यांचं बोट अजून हवेत होतं, गणित सांगताना उचललेलं. मी त्या बोटाकडे पाहिलं. दोन महिने मी त्यांना रस्ता कसा ओलांडायचा, नळ कसा फिरवायचा, कुणाकडे बघून हसायचं हे शिकवत होते. एकच गोष्ट उरली होती जी त्यांना माझ्यापेक्षा, जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. तीही तुमची चुकली, असं सांगायला माझी जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर माझाही विश्वास त्यांच्यावरच होता. लहानपणी बंदरातल्या छापील तक्त्याशी मी त्यांचं गणित ताडून पाहायची आणि ते कधी चुकायचं नाही. चंद्र सगळीकडे एकच ना? बाकी दर किनाऱ्याचं पाणी आपापल्या वेळेला चढतं आणि तात्यांचं गणित फक्त आमच्या किनाऱ्यापुरतं होतं, हे मी नंतर वाचलं.

“म्हणता, सांभाळून जावा,” मी म्हटलं. “खडप निसरडां आसा.”

“तां काय माका सांगूक व्हया?” तात्या खूश होऊन म्हणाले.

मी मनाशी ठरवलं होतं, पायऱ्यांवरूनच नारळ टाकायला लावायचा आणि दहा मिनिटांत परत यायचं. मग आम्ही नारळ शोधायला शेजारच्या मोठ्या गावात गेलो. साडेअकरा वाजता, खाली समुद्र रिकामा होऊन खडकापलीकडे गेला असेल तेव्हा, आम्ही नारळाच्या शेंडीवरून वाद घालत होतो.

परत आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. धुकं विरळ झालं होतं आणि त्याची झिमझिम होऊन पडत होती. किनाऱ्यावर उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा. पायऱ्यांपासून चाळीस पावलांवर तो खडक, घराएवढा, आणि मधे वाळूची एक पट्टी. एवढ्या नावाजलेल्या किनाऱ्यावर ऐन ऑगस्टात एकही माणूस नव्हता. ते मला तेव्हाच खटकलं. मी स्वतःला पावसाचं कारण दिलं.

“हंयसूनच टाका, तात्या.”

“पायऱ्येवरसून? नारळ काय कचरो आसा?”

त्यांनी चपला काढल्या, मीही काढल्या. वाळूच्या पट्टीवर उभं राहून त्यांनी नारळाला हळद-कुंकू लावलं, जे त्यांनी मालवणहून येताना कागदाच्या पुडीत बांधून आणलं होतं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि नारळ लांब फेकला.

नारळ बुडाला, वर आला, आणि तीन-चार लाटांत परत आमच्या पायाशी आला.

तात्यांनी तो उचलला. पुसला. पुन्हा फेकला, या वेळी जोर लावून. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तो थोडा डावीकडे गेला, थांबला, आणि वळून सरळ आमच्याकडे येऊ लागला. त्यावरचं कुंकू धुऊन गेलं होतं.

“घेणा नाय,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी होता.

“तात्या, लाटा मोठ्यो आसत, म्हणान...”

“घेणा नाय गो तो. गेल्या वर्साक चुकलंय मी. तुजी आवस गेली. आता माझ्या हातचो घेणा नाय.”

समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे येतंय म्हणून नारळ परत येतोय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चाळीस वर्षं पाणी वाचलेल्या माणसाला कळलं नाही, कारण त्यांचं गणित पक्कं होतं. एरवी त्यांनी खडकाकडे बघून ओळखलं असतं. पाणी उतरत असलं की वरचा खडक ओला असतो, चढत असलं की कोरडा. पण त्या झिमझिमीने सगळंच ओलं करून ठेवलं होतं. आणि जिला सकाळपासून माहीत होतं ती मी, त्यांचा चेहरा बघून पुन्हा गप्प बसले.

“भायल्या टोकावरसून टाकतंय,” ते म्हणाले आणि नारळ काखेत मारून खडकावर चढले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण पाय कुठे ठेवायचा ते त्यांना विचारावं लागत नव्हतं. मी त्यांच्या मागे चढले. त्यांना एकटं कसं सोडणार?

बाहेरच्या टोकावरून त्यांनी तिसऱ्यांदा नारळ टाकला. एक लाट आली, तिने तो उचलून खडकाच्या बगलेने आत नेला, आणि त्याच्या मागे बघायला म्हणून मी वळले. वाळूची पट्टी नव्हती. माझी एक चप्पल पायऱ्यांच्या दिशेने तरंगत चालली होती.

“तात्या, भरती आसा.”

“पुनवेक अडीच वाजता भरती? येडी झालंस काय?”

“तात्या, ओहोटी सकाळी साडेअकराक झाली. ती बाई सांगी होती. दोन वाजल्यावर हंय कोण येणा नाय, असां म्हणा होती. मी तुमका सांगलंय नाय.”

मला वाटलं ओरडतील, एक कानाखाली देतील. त्यांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं, आणि त्या एका क्षणात त्यांना सगळं दिसलं, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

“बरां,” ते म्हणाले. “आता माझां आयक. दर्याकडे तोंड करून उभी रव. मी सांगीन तेव्हा बस, मी सांगीन तेव्हा ऊठ.”

आम्ही किती वेळ तसे होतो मला सांगता येणार नाही. ते ‘बस’ म्हणाले की मी खडकाला चिकटायची आणि पाणी अंगावरून जायचं. मग पायऱ्यांवरून आरोळी ऐकू आली. रामोन होता. त्यांच्याकडे तीनला जेवतात. जेवता जेवता खिडकीतून त्याने आम्हाला पाहिलं होतं. त्याने दोराचं एक टोक कठड्याला बांधलं, दुसरं कमरेला, आणि तो छातीभर पाण्यातून चालत, मग पोहत, खडकापर्यंत आला. एकटा. जोडीदाराला बोलवायला वेळ नव्हता.

आधी त्याने मला पाठवलं. “दोर सोडू नकोस, काही झालं तरी,” एवढं म्हणाला. दोर धरून मी पायऱ्यांपर्यंत आले. नाकातोंडात पाणी गेलं, गुडघा फुटला, पण आले. वर रेमेदिओसबाई दोर धरून उभ्या होत्या.

मी वळून पाहिलं. दोर एकच होता. रामोनने तो स्वतःच्या कमरेचा सोडला आणि तात्यांच्या कमरेला बांधायला घेतला. तात्या मान हलवत होते, त्याला ढकलत होते, तूच बांध म्हणत असावेत. रामोनने त्यांचे हात बाजूला केले आणि गाठ मारायला खाली वाकला. त्याची पाठ समुद्राकडे होती. तात्यांचं तोंड समुद्राकडे होतं.

“पाठीर!” तात्या ओरडले. “अरे, पाठीर बघ!”

मला ते स्पष्ट ऐकू आलं. रामोनलाही आलं असणार, पण तो काय समजणार? त्या दोघांमधली भाषा मी होते आणि मी चाळीस पावलांवर होते. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर ती लाट खडकावरून गेली होती.

तात्यांना आम्ही दोघींनी ओढून घेतलं. गाठ पक्की बसली होती.

रामोनला बचावाच्या होडीने साडेपाच वाजता आणलं. तेव्हा पाणी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्याला लागलं होतं आणि भरती पुरी होत होती.

सात वाजता पोलीस घरी आले. बाहेर अजून लख्ख उजेड होता, धुकं गेलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहिल्यांदाच सगळा किनारा दिसत होता, जंगलासकट, खरंच फार सुंदर. टेबलावर रामोनचं अर्धं जेवलेलं ताट तसंच होतं. रेमेदिओसबाई त्याच्यासमोर बसून होत्या. तात्या रामोनचाच कोरडा स्वेटर घालून कोपऱ्यात उभे होते. त्यांना बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत.

दोघांपैकी वयस्क पोलिसाने कागद पुढे घेतला आणि मला म्हटलं, “वडिलांचा जबाब लागेल. तुम्ही भाषांतर करा.” मग विचारलं, “या बाई म्हणतात, त्यांनी सकाळी तुम्हाला पाण्याची वेळ सांगितली होती. खडकावर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. हे खरं आहे? तुमच्या वडिलांना माहीत होतं?”

“काय म्हणता तो?” तात्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, एक शब्द न गाळता.

रेमेदिओसबाईंनी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तात्यांकडे बघत होत्या. तात्यांनी त्यांची नजर चुकवली नाही.

“तेंका सांग,” ते म्हणाले, “माझ्या चेडवान माका सगळां सांगल्यान. वेळ सांगल्यान, जाव नको म्हणान सांगल्यान. मीच आयकलंय नाय.”

“तात्या...”

“सांग.”

“तात्या, असां नाय...”

“तुका हंय ऱ्हवाचां आसा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “माका घराक जावचां आसा. सांग तेंका.”

पोलिसाचं पेन कागदावर थांबलं होतं. मी त्याच्याकडे वळले आणि स्पॅनिशमध्ये सांगितलं, की मी वडिलांना वेळ सांगितली होती, जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही. माझा आवाज कुठेही अडखळला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

रेमेदिओसबाई उठल्या. त्या तात्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. तात्यांनी मान खाली घातली आणि हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघून ‘काय म्हणता ती?’ असं विचारलं नाही. नंतरची सात वर्षं, मालवणच्या घरात ते वारले तोवर, कधीच विचारलं नाही.

पोलिसाने कागद फिरवून तात्यांसमोर ठेवला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं, कुठे करू म्हणून.

मी बोटाने सहीची जागा दाखवली.